महागडा पूर्ववर्धक आणि आईच्या ओव्या

गेल्या उन्हाळ्यांत धर्माबादेस एका स्नेह्यांकडे माझा मुक्काम होता. नांदेड जिल्ह्यांत, तेलंगणाच्या सीमेलगत वसलेलें हें गांव लाल मिरचीच्या बाजारपेठेबद्दल प्रसिद्ध आहे. गोदावरीकांठचें बासरचें सरस्वतीमंदिर येथून जवळच. स्नेह्यांच्या मातोश्रींचें वय ऐशींच्या पुढें. जात्यावरच्या ओव्या त्यांना शेंकड्यांनीं मुखोद्गत. पण आवाज मात्र दिवसेंदिवस क्षीण होत चाललेला. "आईचा आवाज आहे तोंवर तो नीट उतरवून ठेवावा असें मनांत आहे," असें म्हणून स्नेह्यांनीं एक यादी माझ्यापुढें ठेविली. यादींत सर्वांत वर होता लाख-दोन लाख रुपये किंमतीचा प्रीॲम्प्लिफायर. हैदराबादेस नोकरी करणाऱ्या चिरंजिवांनीं तो सुचविला होता. "एवढा खर्च करावा काय?" असा त्यांचा प्रश्न. घरच्या घरीं गाणें मुद्रित करणाऱ्या अनेकांना आज हाच प्रश्न पडतो. म्हणून त्याचा विचार थोडा मुळापासून करूं.

प्रीॲम्प्लिफायर, ज्याला आपण पूर्ववर्धक म्हणूं, त्याचें काम काय? माईक आवाजाचें रूपांतर विजेच्या दाबांत करतो; पण हा दाब फारच अल्प असतो. गायकांच्या हातीं नेहमीं दिसणारा शुअर कंपनीचा एस एम ५८ घ्या. ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगला खणखणीत, आवाज त्यावर पडला तरी तो व्होल्टच्या एक सहस्रांशापेक्षां जास्त पण दोन सहस्रांशांपेक्षां कमीच दाब देतो. पुढील यंत्रास मात्र सुमारें एक व्होल्ट हवा. म्हणजे मधल्या मध्यें पांचशें ते हजार पट वाढ करावयाची. हेंच पूर्ववर्धकाचें काम. विहिरींतून पाणी काढतांना पहिल्या बादलींत गाळ आला, तर तो पुढें प्रत्येक हंड्यांत उतरतो. त्याचप्रमाणें या पहिल्या पायरीवर जी सरसर मिसळते, ती पुढें गाण्याबरोबरच वाढत जाते. पूर्ववर्धक स्वच्छ असावा हा आग्रह म्हणूनच रास्त आहे.

परंतु तो किती स्वच्छ असूं शकतो, याला निसर्गानेंच मर्यादा घातली आहे. कोणत्याही तारेंत उष्णतेमुळें विद्युत्कण अखंड चळवळत असतात आणि त्यांची एक सूक्ष्म सरसर होते. १९२८ सालीं अमेरिकेंतील जॉन्सन व नायक्विस्ट या शास्त्रज्ञांनीं तिचें मोजमाप व उपपत्ति प्रसिद्ध केली. १५० ओहमच्या माईकापुरतें हिशेब केल्यास ही सरसर व्होल्टच्या सुमारें दोन कोट्यंशांइतकी, तंत्रज्ञांच्या भाषेंत उणे १३१ डेसिबलच्या आसपास, येते. जगांतील कोणताही पूर्ववर्धक हिच्या खालीं जाऊं शकत नाहीं. आतां गंमत पाहा. आज पंधरा-वीस हजार रुपयांत मिळणाऱ्या साध्या इंटरफेसचा आंकडा उणे १२७-१२८ च्या घरांत असतो. आणि ज्याचें नांव स्टुडिओंत आदरानें घेतलें जातें, त्या १९७० सालच्या नीव्ह १०७३ चा आंकडा उणे १२५ असा दिला जातो. मोजण्याच्या रीतींत थोडा भेद असतो हें खरें. तरी महाग यंत्र म्हणजे अधिक शांत यंत्र, असें यांतून मुळींच निघत नाहीं. साध्या यंत्रांत सुधारणेस जागा उरली आहे ती तीन-चार डेसिबलांची.

हे तीन-चार डेसिबल फुकट मिळविण्याचा मार्ग आहे काय? आहे. मोकळ्या जागेंत माईक व तोंड यांमधील अंतर निम्में केलें कीं आवाज सहा डेसिबलांनीं वाढतो. गाणारा दोन वितींवर बसला असेल, तर त्यास एका वितीवर आणा. लाख रुपयांच्या यंत्रानें जें साधलें नसतें तें एका वितीनें साधतें! आवाज अगदींच बारीक असेल, तर माईकाची जात बदलावी. रोड कंपनीचा एन टी १-ए यासारखा कंडेन्सर माईक त्याच आवाजाला एस एम ५८ च्या सुमारें तेरा पट दाब देतो. मग पूर्ववर्धकावर भारच पडत नाहीं.

खरा शत्रु दुसरीकडेच असतो. चांगल्या कंडेन्सर माईकाची स्वतःची सरसर पांच ते पंधरा डेसिबल. रात्रीच्या निवांत खोलींतला आवाज तीसच्या आसपास. छताचा पंखा फिरूं लागला कीं तो चाळीस-पन्नासवर जातो. मोकळ्या भिंतींवरून परतणारा घुमारा निराळाच. जेथें पंखा घरघरत आहे, तेथें विद्युत्कणांची चळवळ कमी करण्यासाठीं पैसे ओतणें म्हणजे गळक्या छपराखालीं गालिचा अंथरणें होय.

मग जाणते लोक महागडे पूर्ववर्धक घेतात, ते सारे भोळे काय? तसें नाहीं. अशा यंत्रांत बहुधा ट्रान्सफॉर्मर असतात. दाब वाढवीत नेला कीं ते मूळ सुरांत कांहीं उपस्वर मिसळतात आणि आवाजाला एक प्रकारचा भरदारपणा येतो. तंबोऱ्याच्या जवारीनें सूर बदलत नाहीं, पण त्याची झळाळी बदलते. तसेंच कांहींसें हें आहे. शिवाय अशीं यंत्रें दणकट असतात आणि वर्षानुवर्षें दुरुस्त करून वापरतां येतात. ज्याचा धंदा मुद्रणाचा, ज्याची खोली सिद्ध आहे, किंवा ज्याला अत्यल्प दाब देणाऱ्या रिबन माईकावर हळू आवाज टिपावयाचा आहे, त्यानें तें अवश्य घ्यावें. मात्र घेण्यापूर्वीं दोन्ही यंत्रांवर मुद्रण करून आवाजाची पातळी अगदीं सारखी करावी. कारण जें किंचित् मोठें वाजतें तेंच आपल्या कानाला गोड लागतें. मग घरांतील कोणाकडून तरी, कोणतें यंत्र तें न सांगतां, दहा वेळां वाजवून घ्यावें. नऊ वेळां ओळखतां आलें तर फरक आपल्याला ऐकूं येतो म्हणावें. पांच-सहा वेळांच ओळखलें तर तो नाणेफेकीचा कौल समजावा.

इतिहासही हेंच सांगतो. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीनें हिंदुस्थानांत मुद्रण केलें तेव्हां गायकाला कर्ण्यांत गावें लागे, वर्धक नव्हताच. १९२५ पासून माईक आणि नळ्यांचे वर्धक आले. मिरजेचे अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं निवर्तले. दोन्ही तऱ्हांच्या तबकड्यांवर त्यांचा सूर आहे, आणि खरखरीच्या पडद्याआडूनही तो अंतःकरणाला भिडतो. अलीकडचें उदाहरण आमच्या मराठवाड्याचेंच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवां यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं हिंडवून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९६ सालीं बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या भीमनगरांत स्त्रियांनीं डॉ. आंबेडकरांवर गाइलेल्या ओव्या त्यांच्या मंडळींनीं मुद्रित केल्या. आज त्या जगभर ऐकतां येतात. वर्धक कोणता होता, असें ऐकणारा विचारीत नाहीं. बाई काय म्हणाली, तें तो ऐकतो.

हें सर्व मीं स्नेह्यांना सांगितलें. यादींतील पहिली ओळ त्यांनीं खोडली. एक साधा इंटरफेस व एक कंडेन्सर माईक आणला. पहाटे चार वाजतां पंखा बंद केला, भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि माईक वितीवर ठेवून आजींना बसविलें. सर्व सिद्धता झाली. पण ओवी येईना. दोन ओळी होत आणि आजी अडखळत. शेवटीं त्या म्हणाल्या, "जात्याबिगर ओवी कशी येईल रे बाबा? हात फिरल्याबिगर गळा फिरत न्हाई."

माळ्यावरचें जातें खालीं काढलें. त्याखालीं पोतें अंथरलें, मूठभर ज्वारी घातली. खुंटा फिरूं लागला आणि ओवीमागून ओवी अशी सुरू झाली कीं तीन पहाटे पुरल्या नाहींत. जात्याची घरघर मुद्रणांत आहेच. ती काढून टाकावी असें आतां कोणालाच वाटत नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, पैसे खर्चावयाचे तर क्रम असा असावा: आधीं शांत खोली, मग योग्य माईक, मग त्याचें अंतर, आणि सर्वांत शेवटीं महागडा पूर्ववर्धक. मुद्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. कोणी गाइलें, कोठें, कोणत्या दिवशीं, आणि त्या शब्दाचा त्या घरांत अर्थ काय, हें वहींत लिहून ठेवावें. यंत्र पुढल्या वर्षीं याहून चांगलें मिळेल. गाणारी व्यक्ति मात्र आज घरांत आहे.