पर्वतीचा दगड आणि बेटांच्या हद्दी

पुणे समुद्रापासून शंभरएक किलोमीटर आत. इथल्या वर्गात सागरी हद्दींचा विषय निघाला की तो मुलांना परका वाटतो. आम्ही तो पर्वतीपासून सुरू करावा असे सुचवू. पर्वतीचा किंवा पाताळेश्वराच्या लेण्याचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट एका तप्तबिंदूवरून सरकत असताना जो लाव्हा बाहेर पडला, त्याचे हे थर. भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला, तप्तबिंदू मात्र जवळजवळ जागच्या जागी होता. त्यामुळे समुद्रतळावर ज्वालामुखींची एक रांगच उमटली. १९८७ साली समुद्रतळ खोदून काढलेल्या खडकांचे वय मालदीवजवळ सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षे, तर चागोसजवळ सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षे भरले. मॉरिशस बेट एक कोटी वर्षांहूनही लहान आहे, आणि रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे. ॲटलासमध्ये दख्खन, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, रियुनियन हे बिंदू विद्यार्थ्यांना जोडायला सांगावेत. रेघ सरळ येणार नाही, कारण मधल्या काळात तप्तबिंदू भारतीय भूपट्टाखालून आफ्रिकेच्या भूपट्टाखाली गेला.

विझलेले ज्वालामुखी हळूहळू खचले आणि त्यांच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहिले. मधे उथळ खारकच्छ, भोवती बेटांचे कडे, अशी कंकणद्वीपे तयार झाली. डार्विनने १८४२ मध्ये दिलेले हे स्पष्टीकरण इथे चांगले लागू पडते.

म्हणजे लक्षद्वीप आणि मालदीव ही एकाच कटकावरची सख्खी भावंडे. तरीही समुद्राचा कायदा त्यांना वेगवेगळ्या मापाने मोजतो. असे का, ते आता पाहू.

१९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात सगळी मोजणी आधाररेषेपासून होते. साधारणपणे ही रेषा म्हणजे ओहोटीच्या वेळचा किनारा. तिच्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र. तिथे त्या देशाची सत्ता चालते. २०० सागरी मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र. तिथले मासे, तेल, खनिजे त्या देशाची, पण जहाजे आणि विमाने सर्वांची मोकळी. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वस्ती टिकू शकेल असे एखादे एकटे बेट घेऊन २०० मैल त्रिज्येचे वर्तुळ काढा. क्षेत्रफळ येते सुमारे ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्र राज्य ३ लाख ८ हजारांच्या आत आहे!

परंतु ज्या देशाला मुख्य भूमीच नाही, त्याचे काय? इंडोनेशियाच्या प्रत्येक बेटाभोवती वेगळी पट्टी आखली तर जावा आणि बोर्निओ यांच्यामधला समुद्र परका ठरे, देशाचे तुकडे पडत. म्हणून १३ डिसेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जुआंदा यांच्या सरकारने जाहीर केले की बेटांमधले पाणीही देशाचेच. त्या वेळी मोठ्या आरमारी देशांना हे मान्य नव्हते. पुढे सागरी कायद्याच्या परिषदेत (१९७३-१९८२) इंडोनेशिया, फिलिपाइन्स, फिजी आणि मॉरिशस यांनी ही बाजू लावून धरली, आणि ‘द्वीपसमूह राष्ट्र’ ही संकल्पना करारात आली. अशा राष्ट्राला सर्वात बाहेरच्या बेटांची टोके सरळ रेषांनी जोडता येतात. आतल्या पाण्यावर, त्याखालच्या तळावर आणि वरच्या आकाशावर त्याची सत्ता. बदल्यात परक्या जहाजांना ठरावीक मार्गांनी जाऊ द्यावे लागते. १२ आणि २०० मैल मोजायचे ते या बाहेरच्या रेषांपासून.

अटी मात्र कडक. रेषा १०० सागरी मैलांपेक्षा लांब नको. एकूण रेषांपैकी फक्त ३ टक्के रेषा १२५ मैलांपर्यंत चालतात. आतल्या पाण्याचे जमिनीशी प्रमाण १:१ ते ९:१ यांमध्ये हवे. श्रीलंकाही बेटच, मग ते का नाही, हे चौकस विद्यार्थी विचारीलच. तिथे जमीन फार, पाणी थोडे.

आता मालदीवचे गणित करू. जमीन केवळ ३०० चौरस किलोमीटर. माळ उत्तर-दक्षिण सुमारे ८७० आणि रुंदीला सुमारे १३० किलोमीटर. ढोबळ आयत १ लाख १३ हजार चौरस किलोमीटरचा. प्रमाण येते ३७६:१. मालदीव नापास! पण करारातल्या ४७व्या कलमात एक उपकलम आहे : प्रवाळभिंतींच्या आतले पाणी जमीन म्हणून धरता येते. सर्व कंकणद्वीपांचे, खारकच्छांसह, क्षेत्र भरते सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर. उरलेले पाणी ९२ हजार. प्रमाण साडेचारच्याही आत. पाण्याला जमीन म्हणणारे हे कलम विचित्र वाटेल, पण कोळ्याच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. बेटावरच्या माणसाचे शेत म्हणजे त्याचे खारकच्छच.

लक्षद्वीपची जमीन ३२ चौरस किलोमीटर, खारकच्छे सुमारे ४,२००. पण इथे गणिताची वेळच येत नाही. ४६व्या कलमानुसार द्वीपसमूह राष्ट्र ‘पूर्णपणे’ बेटांचे असावे लागते. भारताला मुख्य भूमी आहे, म्हणून लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार या चौकटीबाहेर. मुख्य भूमी असलेल्या देशांच्या दूरच्या बेटांनाही ही सवलत मिळावी, असे भारताने परिषदेत मांडले होते. ते मान्य झाले नाही. यात मासे गेले असे समजू नये. मिनिकॉय आणि कवरत्ती यांच्यामधले मासे भारताचेच आहेत. मात्र तिथल्या नऊ अंश खाडीतून सुएझकडून मलाक्काकडे जाणाऱ्या जहाजांची मोठी वर्दळ असते, आणि किनाऱ्यापासून १२ मैलांपलीकडे त्यांचे स्वातंत्र्य अबाधित राहते.

मिनिकॉयपासून मालदीवचे सर्वात जवळचे बेट साधारण १३० किलोमीटरवर. मिनिकॉयची महल भाषा मालदीवच्या दिवेहीचीच बोली. मधली हद्द भारत आणि मालदीव यांनी १९७६ मध्ये करार करून ठरवली.

मालदीवच्या दक्षिणेचा प्रश्न इतका सोपा नव्हता. मॉरिशस आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाले, पण त्याआधी १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस बेटे त्यापासून तोडली आणि तळासाठी तिथल्या रहिवाशांना हुसकावले. कायद्याच्या साऱ्या चर्चेत या लोकांना कोणी विचारले नाही, हे आम्हाला खटकते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही फाळणी बेकायदा असल्याचे मत दिले. त्याआधारे सागरी न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने एप्रिल २०२३ मध्ये मालदीव आणि चागोस यांच्यामधले ९२,५६३ चौरस किलोमीटर क्षेत्र वाटून दिले : मालदीवला ४७,२३२, मॉरिशसला ४५,३३१. भरतीला बुडणारी ब्लेनहाइम प्रवाळभिंत मध्यरेषेसाठी धरावी, ही मॉरिशसची मागणी पीठाने मानली नाही. चागोस मॉरिशसला परत करण्याच्या करारावर ब्रिटनने मे २०२५ मध्ये सही केली. डिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे ठेवण्याची त्यात तरतूद आहे.

राहिला प्रश्न बुडत्या किनाऱ्यांचा. लक्षद्वीपमधले परळी-१ हे निर्जन बेट झिजून नाहीसे झाल्याची नोंद २०१७ मध्ये झाली. मालदीवची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच उंच. किनारा मागे सरला तर आधाररेषाही सरकणार का? जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की एकदा रीतसर जाहीर केलेल्या रेषांचे नकाशे, समुद्र चढला म्हणून, बदलण्याची सक्ती राष्ट्रांवर नाही.