पूरविलचा पूल

लेफ्टनंट कर्नल सेसिल मेरिट यांच्या पराक्रमाची गोष्ट नेहमी पुलापासून सांगतात. माझ्या मते ती बोटींपासून सांगायला हवी.

१९ ऑगस्ट १९४२. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या दिएप बंदरावर दोस्त सैन्याने घातलेल्या छाप्यात मेरिट यांच्या कॅनेडियन साउथ सॅस्कॅचेवान रेजिमेंटला बंदराच्या पश्चिमेचं पूरविल गाव नेमून दिलं होतं. सी नदीच्या दोन्ही तीरांवर उतरायचं ठरलं होतं. पण अंधारात बहुतेक बोटी पश्चिम तीरालाच लागल्या. गाठायचं होतं ते जर्मन रडार केंद्र आणि मोक्याच्या टेकड्या पूर्वेला! मग गावातला पूल ओलांडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तोवर जर्मनांच्या मशीनगन आणि उखळी तोफा त्या पुलावर रोखल्या गेल्या होत्या.

पुढे गेलेल्या पहिल्या तुकड्या तिथेच कापल्या गेल्या. पुलावर प्रेतांचा खच पडला. तेव्हा तेहतीस वर्षांचे मेरिट स्वतः पुढे झाले आणि हातातलं हेल्मेट हलवत, माणसांना हाका घालत पुलावरून चालत गेले. तेही एकदा नाही, निदान चार वेळा. पलीकडच्या खंदकी ठाण्यांवरचे हल्लेही त्यांनीच चालवले. एक ठाणं तर स्वतः हातबाँब टाकून गप्प केलं. दोनदा जखमी झाले. परतीची वेळ आली तेव्हा इतरांना बोटी गाठता याव्यात म्हणून मोजक्या माणसांनिशी मागे थांबले आणि पकडले गेले.

त्या रडार केंद्रासाठी याच पलटणीबरोबर जॅक निसेनथॉल हा ब्रिटिश हवाईदलाचा रडारतज्ज्ञ होता. तो शत्रूच्या हाती लागतोय असं दिसलं तर त्याला गोळी घालायची, असा हुकूम सोबतच्या कॅनेडियन सैनिकांना होता. तो निसटला. अनेकांना ते जमलं नाही: दिएपला निघालेल्या ४,९६३ कॅनेडियनांपैकी ९०७ जण प्राणाला मुकले, १,९४६ कैद झाले.

ऑक्टोबरमध्ये मेरिटना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तेव्हा ते जर्मनांच्या कैदेत होते. एवढ्या मोठ्या पराभवानंतर सरकारला सांगण्याजोगं काहीतरी हवंच होतं, असं मनात आल्यावाचून राहत नाही. त्यामुळे पदकाचं मोल घटत नाही; पण योजनेतल्या चुकांवरची नजर मात्र हटते.

मेरिट व्हँकुव्हरचे वकील. कॅनडाचे माजी पंतप्रधान चार्ल्स टपर हे त्यांचे पणजोबा. वडील १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत मारले गेले, तेव्हा सेसिल जेमतेम सहा वर्षांचा होता. आपलं युद्ध सहा तासांचंच, सिसिलीतल्या चढाईपासून युद्धाच्या अखेरपर्यंत लढलेले कितीतरी आहेत, असं ते पुढे म्हणत. हा हिशेब मला पटत नाही, कारण त्यात कैदेतली वर्षं धरलेली नाहीत. जून १९४३ मध्ये आइखश्टेटच्या छावणीतून ६५ अधिकारी भुयार खणून पळाले, त्यांत मेरिटही होते. सगळेच पुन्हा सापडले आणि मेरिटना कोल्डिट्झच्या किल्ल्यात टाकण्यात आलं.

सुटकेनंतर १९४५ मध्ये ते व्हँकुव्हर-बरार्ड मतदारसंघातून खासदार झाले. १९४९ मध्ये मतदारांनी त्यांना पाडलं. ते वकिलीकडे परतले आणि २००० साली, एक्क्याण्णवाव्या वर्षी वारले.