हा खरा की खोटा?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, वाशी तालुक्यात आमचं तेरखेडा आहे. दिवाळीच्या आधी या रस्त्यानं गेला असाल, तर दोन्ही बाजूंची फटाक्यांची दुकानं तुम्ही नक्की पाहिली असतील. शोभेची दारू तयार करणारं गाव म्हणून महाराष्ट्रात आमची ओळख आहे. पण आज मी फटाक्यांवर बोलणार नाही. हेरांवर बोलणार आहे. अर्थात मधूनमधून फटाके वाजतील, त्याला माझा इलाज नाही!

१९९४ सालची गोष्ट. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘चंद्रकांता’ ही मालिका सुरू झाली. आमच्या गल्लीत तेव्हा मोजून दोन टीव्ही होते, आणि त्यातला एक कृष्णधवल. एकानं माळवदावर उभं राहून अँटेना फिरवायचा आणि खालून बाकीच्यांनी ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडायचं, हा दर रविवारचा कार्यक्रम. वीज गेली की सगळे हळहळत उठायचे. मग ज्याच्या पाहुण्याच्या गावात वीज होती, तो सोमवारी बाजारात भेटला की त्याच्याकडून राहिलेली गोष्ट वदवून घ्यायची. त्यात तो स्वतःच्या पदरचं किती घालायचा, ते देव जाणे.

‘चंद्रकांता’ ही वरवर राजकन्येची प्रेमकथा असली, तरी मुळात ती हेरकथा आहे. विजयगढची राजकन्या आणि नौगढचा राजपुत्र यांच्या प्रेमापेक्षा त्यात दोन्हीकडच्या ऐयारांचेच डावपेच जास्त. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर. वेष पालटणं, बेशुद्ध करण्याची भुकटी वापरणं, दोराच्या साहाय्यानं तट चढणं, शत्रूच्या गोटातून माणूस गाठोड्यात बांधून आणणं, ही त्याची कामं. देवकीनंदन खत्री यांची ही हिंदी कादंबरी १८८८ साली प्रसिद्ध होऊ लागली. खत्रींचा जन्म १८६१ चा, मृत्यू १९१३ चा. काशीजवळच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके त्यांच्याकडे होते. त्या रानात पडके किल्ले हिंडता हिंडता त्यांना हे कथानक सुचलं, असं सांगतात. पुढं त्यांनी ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग लिहिले. ही पुस्तकं वाचता यावीत म्हणून कित्येकांनी नागरी लिपी शिकून घेतली, हे हिंदीच्या अभ्यासकांनी आवर्जून नोंदवलं आहे.

मालिका नीरजा गुलेरी यांनी केली. कथेची मांडणी हिंदीतले नामवंत लेखक कमलेश्वर यांची होती. आणि मालिका गाजली ती कोणामुळे? नायकामुळे नाही, नायिकेमुळेही नाही! ती गाजली अखिलेंद्र मिश्रा यांच्या क्रूरसिंहामुळे. त्याच्या त्या भुवया आणि तोंडातलं ते ‘यक्कू’! सोमवारी शाळेच्या मैदानावर राजपुत्र व्हायला कोणी तयार नसायचं. क्रूरसिंह व्हायला मात्र भांडणं लागायची.

त्या दिवसांत टीव्हीसमोर सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न होता, “आता हा खरा हाय का खोटा?” हा प्रश्न साधा नाही. कादंबरीत लेखक नुसतं ‘एक नकाबपोश आला’ असं लिहून मोकळा होतो. तो कोण, हे चार प्रकरणांनंतर सांगितलं तरी चालतं. शब्दाला चेहरा नसतो, त्यामुळं वाचकाला फसवणं लेखकाला सोपं जातं. पडद्यावर मात्र चेहरा दाखवावाच लागतो. ऐयारानं सेनापतीचं रूप घेतलं, की सेनापतीचं काम करणारा नटच पुढं येतो. मग आवाजात काही फरक आहे का, नजर इकडंतिकडं फिरते का, हे प्रेक्षक शोधू लागतो. म्हणजे हेराला पकडायचं काम प्रेक्षकाकडंच येतं! आमच्या गल्लीतल्या बायका त्यात पटाईत होत्या. “ह्यो खोटा हाय, खरा असता तर आधी पाया पडला असता,” असं एखादी म्हणायची आणि दहा मिनिटांनी ते खरं निघायचं.

दुसरा प्रेक्षकवर्ग होता फटाक्यांच्या कारागिरांचा. असा प्रेक्षक दुसऱ्या गावाला क्वचितच लाभला असेल. ऐयारानं कमरेच्या बटव्यातून गोळा काढून जमिनीवर आपटला आणि दालनभर धूर झाला, की हे हसायचे. एक जाणते कारागीर म्हणाले होते, “एवढा धूर काढायचा म्हणलं तर लिंबाएवढा गोळा पुरत न्हाई. आन् हातातच पेटला तर हात ऱ्हाईल का?” सोरा, गंधक आणि कोळसा यांचं प्रमाण जरा चुकलं तर काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. आमच्या गावानं त्याची किंमत अपघातांत मोजलेली आहे.

पण याच माणसांना ऐयारांचं कौतुकही सर्वांत जास्त होतं. त्याचं कारण मला फार उशिरा, मूळ कादंबरी वाचली तेव्हा उमगलं. खत्रींच्या गोष्टीत तिलिस्म असतो, म्हणजे खजिना दडवून ठेवलेली मायावी वास्तू. पण ती माया जादूटोण्याची नसते. पुतळा हलतो तो आत कळ असते म्हणून, माणूस बेशुद्ध पडतो तो औषधामुळं आणि शुद्धीवर येतो तो ‘लखलखा’ हुंगवल्यामुळं. प्रत्येक चमत्कारामागं कारागिरी असते आणि कधी ना कधी तिचा उलगडा होतो. म्हणजे खत्रींचा ऐयार हा आमच्या कारागिरांच्याच जातकुळीचा! भुईनळ्यातून फुलं उडतात ती मंत्रानं नव्हे, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा हिशेब पटत होता.

पुढं पुढं मालिका लांबत गेली. कादंबरी मागं पडली. नवी पात्रं आली, खरीखुरी जादू आली, शिवदत्त विषपुरुष झाला. तेव्हा गल्लीतली नाराजी मी ऐकली आहे. ‘पुस्तकात असं नाही’ ही तक्रार कोणाचीच नव्हती, कारण पुस्तक कोणी वाचलंच नव्हतं. तक्रार वेगळी होती. “आता काय बी हुतंय,” असं लोक म्हणायचे. माझ्या मते मालिकेवरचं सर्वांत नेमकं परीक्षण हेच आहे. खेळाचे नियम मोडले, की पाहण्यातली मजा संपते.

आता आबांविषयी सांगतो. आबा आमच्या शेजारचे, तेव्हा सत्तरीच्या घरातले. त्यांचं शिक्षण निजामाच्या राजवटीतलं, म्हणजे उर्दूतलं. ऐयार, तिलिस्म, नकाब हे शब्द आम्हाला नवे होते. आबांना ते शाळकरी वयापासूनचे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं काढलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’तल्या अमर ऐयाराच्या गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या. त्याच्या झोळीत सगळं जग मावायचं म्हणे. खत्रींच्या ऐयारांचा बटवा हा त्या झोळीचाच धाकटा भाऊ.

आबा मालिका पाहायला यायचे, भिंतीला टेकून बसायचे, पण बोलायचे नाहीत. एका रविवारी कथेत एक ऐयार शत्रूच्या हाती सापडला. आता याचं डोकं उडवणार, असं आम्हा पोरांना वाटलं. आबा म्हणाले, “न्हाई मारत. ऐयाराला मारायचं नसतं, कैद करायचं असतं. तसा कायदा हाय.” खत्रींच्या कादंबरीत खरोखरच तसा संकेत आहे. ऐयार पकडला गेला तरी त्याला ठार करीत नाहीत. त्यानं शपथ घेऊन दुसऱ्या राजाची चाकरी पत्करली, तर त्या शपथेवर विश्वास ठेवतात.

मालिका संपली, पोरं पांगली. मी सहज विचारलं, “आबा, खरे हेर असेच असतात का हो?” आबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं.

१९४८ साल. हैदराबाद संस्थान अजून भारतात आलेलं नव्हतं. रझाकारांचा जोर होता. आमचा भाग निजामाच्या हद्दीत आणि बार्शी मुंबई प्रांतात. हद्दीवर करोडगिरीचे नाके. पलीकडं बार्शी भागात स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते. त्यांच्याकडं निरोप पोचवायचं काम आबा आणि त्यांचा एक सोबती करीत. “वेष न्हाई, दाढी न्हाई, काही न्हाई,” आबा म्हणाले. “बाजाराला चाललोय म्हणायचं. चिठ्ठी पागोट्यात. पोटात मात्र गोळा.” एके दिवशी सोबती एकटा गेला. नाक्यावर त्याला नेमकं त्याच्या नावानं हाक मारून बाजूला घेतलं. तो परत आला नाही. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजाम शरण आला, गावोगाव तिरंगे लागले. तो तरीही आला नाही.

“खबर कुणी दिली, कळलं का?” मी विचारलं.

“कळलं की. रोज राम राम घालणारा माणूस होता. पुढंही घालीतच राहिला.” आबा उठता उठता म्हणाले, “टीव्हीवर बरं असतं लेका, खोटा कोण ते शेवटी कळतं आन् त्याला शिक्षा बी हुती.”

हे वाक्य माझ्या मनात वर्षानुवर्षं राहिलं. त्याचा अर्थ मला पुढं एका इंग्रजी लेखकानं समजावला. जॉन ल कारे हे स्वतः ब्रिटिश हेरखात्यात नोकरी केलेले गृहस्थ. त्यांच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या १९७४ च्या कादंबरीवर बीबीसीनं १९७९ साली मालिका केली. तीत शोध घ्यायचा असतो तो परक्या शत्रूचा नव्हे, आपल्याच कचेरीत रोज भेटणाऱ्या माणसाचा. म्हणजे आबांच्या राम राम घालणाऱ्याचाच! अॅलेक गिनेस यांनी त्यातला स्मायली असा उभा केला, की पुढं आपल्या पात्राचा विचार करताना लेखकालाही गिनेसच दिसू लागले.

याच लेखकाची १९९३ ची कादंबरी ‘द नाइट मॅनेजर’. कादंबरीत शस्त्रांचा काळा व्यापार करणारा खलनायक शेवटी निसटतो. लेखकानं ते जग आतून पाहिलं होतं. २०१६ साली बीबीसीनं मालिका केली, तेव्हा मात्र शेवट बदलला आणि खलनायक अडकला. प्रेक्षक खूश झाले. २०२३ साली हीच गोष्ट अनिल कपूर आणि आदित्य रॉय कपूर यांना घेऊन हिंदीत आली. आमच्या घरात भाच्यानं ती मोबाइलवर पाहिली. फेब्रुवारीत चार भाग आले आणि पुढच्या भागांसाठी जूनअखेरपर्यंत थांबावं लागलं. तो चिडला होता. मी त्याला म्हटलं, “आम्ही तर वीज येईपर्यंत थांबत होतो!”

पण त्याची एक तक्रार मला फार ओळखीची वाटली. तो म्हणाला, “मामा, माणसं बदलली तरी चालतं, देश बदलला तरी चालतं. पण हेरानं मूर्खासारखं वागलेलं चालत नाही.” तीस वर्षांपूर्वी आमची गल्ली हेच तर म्हणत होती.

कादंबरीवरून केलेली हेरमालिका पाहताना लोक नाकं मुरडतात, तेव्हा ‘यांना काय कळतं’ असं आपण पटकन म्हणतो. तसं म्हणू नये. प्रेक्षक घटनांचा हट्ट धरीत नाही, तो नियमांचा हट्ट धरतो. धूर निघाला तर तो कशानं निघाला ते सांगा, खोटा कोण ते शेवटी तरी दाखवा, आणि पकडलेल्याला मारू नका म्हणालात तर तो शब्द पाळा, एवढंच त्याचं मागणं असतं. ज्यांनी मराठीत बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप रात्र रात्र जागून वाचला, त्यांनाही हे वेगळं सांगायला नको. खऱ्या आयुष्यात हे नियम कोणी पाळत नाही, म्हणून तर माणसं गोष्टीकडं येतात. तिथंही ते मोडले, तर त्यांनी जायचं कुठं?

आबा आता नाहीत. त्यांच्या सोबत्याचं नाव कुठल्या यादीत, कुठल्या स्तंभावर मी पाहिलेलं नाही. दिवाळीत आमच्या गावात आकाश उजळतं, तेव्हा मला त्या दोघांची आठवण येते. आवाज आणि उजेड नसलेलं काम त्यांनी केलं होतं.

आणि हो, खबर देणाऱ्याचं नाव आबांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं होतं. “त्याची नातवंडं तुमच्याबरोबर टीव्ही बघत्यात,” एवढंच ते म्हणाले होते.