‘मैंदर्गी’त अक्षरे किती?

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ मैंदर्गी हे गाव आहे. या नावात अक्षरे किती? तुम्ही म्हणाल तीन : मैं, द, र्गी. संगणक म्हणेल आठ! आणि दोघांचेही बरोबर आहे.

हे कोडे जुने आहे. १९६० साली ‘अल्गोल ६०’ ही संगणकाची भाषा जाहीर झाली. गणिती रीती मांडायला ती फार नेटकी. पण तिच्या अहवालात माहिती आत घेण्याच्या आणि बाहेर देण्याच्या आज्ञाच नव्हत्या! प्रत्येक यंत्राची छिद्रपट्टी निराळी, छपाई निराळी. मग नियम कोणता करायचा? शेवटी १९६४ साली एका आंतरराष्ट्रीय समितीने मोजक्या सात आज्ञा सुचवल्या. त्यांतली ‘इनसिम्बॉल’ मोठी युक्तीची आहे. अल्गोलच्या चलांत संख्या ठेवता येत, अक्षरे नाहीत. म्हणून आज्ञेबरोबर एक चिन्हमाला द्यायची, समजा ‘कखगघ’. बाहेरून ग आला, की चलात ३ जमा होतात. ‘आउटसिम्बॉल’ला तीच माला आणि ३ द्या, की ग बाहेर. यंत्राच्या पोटात ग कसा साठवला आहे, याची चौकशी करायचे कारणच नाही.

आता ही आज्ञा मराठीसाठी वापरून पाहा. मालेत काय लिहाल? पूर्ण अक्षरे लिहायची तर ३४ व्यंजनांची बाराखडीच चारशेच्या वर जाते, जोडाक्षरे वेगळीच. त्यापेक्षा सुटे भाग सोयीचे. १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या ‘इस्की’ संकेताने हीच वाट धरली, आणि आजचा युनिकोडही त्याच वाटेने जातो. म, ऐची मात्रा, अनुस्वार, द, र, हलन्त, ग, दीर्घ वेलांटी : झाले आठ. इस्कीत तर कन्नडलाही हेच आकडे होते. तेच आठ आकडे कन्नड लिपीत छापा. तेथे रफार डोक्यावर न बसता ग च्या उजवीकडे जातो.

आत घेणे असे सोपे झाले, पण बाहेर देणे अवघड. र आला म्हणून लगेच छापला, की फसगत! मागून हलन्त आणि ग आले, तर त्या र ला ग च्या डोक्यावर चढायचे असते. म्हणून छापणाऱ्या आज्ञेला पुढची चिन्हे येईपर्यंत हात आखडून बसावे लागते. एकेक चिन्ह सरळ बाहेर टाकणारी आज्ञा इथे चालत नाही.

एखाद्या अर्जात नावासाठी पाचच चिन्हांची जागा ठेवली तर? गाव ‘मैंदर’ होईल, आणि पत्र कोठे जाईल कोण जाणे. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत (तिला यूटीएफ-८ म्हणतात) प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे पूर्ण नावाला २४. मर्यादा १६ बाइटची असेल, तर कात्री थेट हलन्ताच्या पोटातूनच फिरेल.

वहीत ती आठ चिन्हे उलट क्रमाने लिहून पाहा. हलन्त आता ग च्या मागून येतो, आणि र्ग चा ग्र होतो!