प्रेम दोघांचं, रिस्क कुणाची?

शहाद्यातल्या कुठल्याही कॉलेजचा कट्टा बघा. एकाच ग्रुपमध्ये एक जण बुलेटवरून येतो. त्याच्या घरी ऊस, केळी, पपईची बागायत. त्याच ग्रुपमधली एक जण धडगावकडची, वसतिगृहात राहणारी. तिचे आईवडील दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गुजरातला जातात. नोट्स एकच, टपरी एकच, चहाही कटिंगच. मैत्रीत सगळं खपून जातं. 'आज तू दे, उद्या मी देते' म्हणत तीन वर्षं सहज निघतात.

खरी गंमत पुढे आहे. या दोघांचं जमलं, की तोच चहा अवघड होतो. त्याने दिलेलं गिफ्ट तिला परत कसं फेडायचं कळत नाही. त्याला वाटतं, 'एवढं काय त्यात?' एवढं काय, हेच तर दोघांचं वेगवेगळं असतं!

आपल्या भागात ही दरी आजची नाही. एकाच्या घरी जमीन आणि दुसऱ्याच्या घरी सालदारकी, असा तो जुना इतिहास आहे. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांसारखे कार्यकर्ते सालदारांच्या मजुरीसाठी आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी लढले. त्या काळात बांधाच्या दोन बाजूंना असलेल्या घरांतली नातवंडं आज एका बेंचवर बसतात. ही मोठीच गोष्ट आहे. पण बेंच एक झाला म्हणून घरं एक झाली, असं होत नाही.

नागराज मंजुळेंचा 'सैराट' (२०१६) आपण गाण्यांसाठी कितीदा पाहिला! आता जरा हिशोबासाठी पाहा. आर्ची पाटलांची, परश्या मासेमारी करणाऱ्या घरातला. पळून गेल्यावर हैदराबादच्या झोपडपट्टीत आर्चीची किती तारांबळ उडते, आणि इकडे गावात परश्याच्या घरच्यांना काय काय सोसावं लागतं! शेवटी जीव दोघांचाही जातो. पण गावात राहिलेल्यांत जास्त किंमत मोजतं ते गरिबाचं घर.

कायदा तुमच्या बाजूने आहे. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करता येतं. मात्र ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. छोट्या गावात ती घरी पोहोचायला किती वेळ लागतो, हे सांगायला नको. म्हणूनच २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि २४ तास हेल्पलाइन असावी, असे निर्देश दिले. पळून जायच्या गप्पा मारण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

पण कायद्याच्याही आधी एक काम आहे, आणि ते ज्याच्याकडे जास्त आहे त्याने करायचं. समोरच्याला सरळ विचारा, 'आपलं नाही जमलं, तर तुझं काय काय जाईल?' तुमचा कदाचित एक ब्रेकअप होईल, घरी चार दिवस आदळआपट होईल. तिचं शिक्षण सुटू शकतं. तो गरीब घरचा असेल, तर त्याच्या बापाची शेतावरची रोजंदारी बंद होऊ शकते. उत्तर ऐकून पोटात गोळा आला, तरी पूर्ण ऐकून घ्या. मग ठरवा.