स्पीकर केबलला प्लग लावून विकायचा धंदा: पैसे नेमके कशाचे मिळतात?

‘इलेक्ट्रॉनिक्समध्ये घरच्या टेबलावर बसून काय करता येईल?’ असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. त्यातलं एक काम म्हणजे होम ऑडिओच्या स्पीकर केबलला कनेक्टर लावून, मापात कापून, तयार जोड विकणं. वायर कशी सोलायची ते व्हिडिओत बघून घ्या. इथे आपण धंद्याचं बोलू.

गरज कुठे आहे? नवीन फ्लॅटचं इंटिरिअर होतं. इलेक्ट्रिशियन भिंतीतून स्पीकरच्या वायरी बाहेर काढून ठेवतो आणि निघून जातो. मग घरमालक महागडा अ‍ॅम्प्लिफायर आणतो, दाताने वायर सोलतो आणि मागे खुपसतो. एखादी केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट! चांगला अ‍ॅम्प असेल तर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो, साधा असेल तर आउटपुट जळू शकतं. नीट बसवलेल्या प्लगमुळे हे टळतं. शिवाय साफसफाईला स्पीकर हलवला तर केबल काढून परत लावणं सोपं जातं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. प्लग लावल्याने आवाज गोड होतो, बास वाढतो, असलं काही सांगून विकू नका. सोन्याचा मुलामा गंज लागू नये म्हणून असतो, बाकी काही नाही. खोटं बोलून एकदा विकाल, दुसऱ्यांदा तो माणूस फोन उचलणार नाही.

ऑर्डर घेताना पहिलं काम म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर दोन्हीच्या पाठीचा फोटो मागवणं. फिरवायचे गोल पोस्ट आणि मधे भोक असेल तर 4 मिलिमीटरचा बनाना प्लग. स्वस्त होम थिएटरला दाबायच्या स्प्रिंग क्लिपा असतात, त्यात बनाना जातच नाही. तिथे बारीक पिन लागते. सबवूफर अ‍ॅम्पवालाच असेल तर त्याला वेगळी आरसीए केबल लागते. फोटो न बघता केलेला माल हमखास परत येतो.

आता जाडी. 8 ओहमचा स्पीकर धरला तर केबलचा एकूण रोध त्याच्या पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे 0.4 ओहमच्या आत ठेवायचा, हा सरळ नियम. स्पीकर 10 मीटरवर असेल तर करंट जाऊन येऊन 20 मीटर फिरतो. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्यात हा रोध साधारण 0.23 ओहम येतो, चालतं. 0.5 ची बारीक वायर घेतली तर जवळपास 0.7, म्हणजे नापास. 4 ओहमच्या स्पीकरला एवढ्या अंतरावर 2.5 ची घ्या. बाजारात तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. तिचा रोध दीडपट आणि वाकवली की तुटते लवकर. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरी निघाली आणि बंडल हाताला हलकं लागलं तर समजून जा.

जोडताना जे चुकतं ते एकच सांगतो. स्क्रूचा प्लग असेल तर तारांच्या टोकाला सोल्डर पाजू नका. दिसायला छान दिसतं, पण सोल्डर मऊ असतो, स्क्रूखाली हळूहळू दबत जातो आणि कालांतराने जोड सैल पडतो. तारांना घट्ट पीळ द्या किंवा फेरूल दाबून बसवा. सोल्डर करायचाच असेल तर सोल्डरचाच प्लग घ्या. वर श्रिंक ट्यूब. ती जोडण्याआधी वायरीत ओवून ठेवा, नाहीतर परत सगळं उपसावं लागतं.

खरा माल मात्र तपासणीत आहे. मल्टिमीटर लावून प्लस ते प्लस बीप, मायनस ते मायनस बीप, आणि प्लस-मायनसमध्ये अजिबात बीप नाही. हे करताना केबलची टोकं हलवत राहा. एका स्पीकरची पोलॅरिटी उलटी गेली तर काही जळत नाही, पण दोन्ही स्पीकर एकमेकांचा बास खातात आणि ग्राहक म्हणतो, ‘तुमची केबल बोगस आहे.’ म्हणून लाल प्लग कायम वायरीच्या रेघवाल्या बाजूलाच. एकदा ठरवा, कधी बदलू नका. प्रत्येक केबलवर ‘डावा’, ‘उजवा’, लांबी आणि तारीख लिहिलेलं लेबल लावा.

आणि एक धोका, जो फार थोडे विक्रेते सांगतात. 4 मिलिमीटरचा बनाना आपल्या घरातल्या सॉकेटच्या भोकात जाऊ शकतो! एक टोक स्पीकरला आणि दुसरं मोकळं लोंबत असेल, घरात लहान मूल असेल, तर थेट 230 व्होल्टशी गाठ. युरोपात अ‍ॅम्पच्या पोस्टची भोकं प्लास्टिकच्या बुचांनी बंद करून पाठवतात ती याच कारणाने. पाकिटात मराठीत चिठ्ठी टाका: आधी अ‍ॅम्प बंद करा, अ‍ॅम्पकडचं टोक आधी लावा, काढताना ते शेवटी काढा.

आता हिशेब. स्टिरिओ जोडीला आठ प्लग लागतात, 5.1 ला सबवूफर सोडून वीस. समजा 5-5 मीटरच्या दोन केबल: वायर 600, आठ प्लग 400, श्रिंक-लेबल-पाकीट 50. झाले 1050. इथेच बरेच जण थांबतात आणि 1200 ला विकून खूश होतात. अहो, तुमचा तास कुठे गेला? कापणं, जोडणं, तपासणं धरून सुरुवातीला तास जातोच. तासाचे 200 धरा, परत येणाऱ्या मालासाठी 60 बाजूला काढा. 1310 ही तुमची किंमत, नफा त्याच्यावर. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव टाका. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, दोन-तीन दुकानं फिरून भाव लिहून आणा. पण प्लगची पहिली खरेदी दहा-वीस नगांचीच ठेवा. स्क्रूचे आटे टिकतात का बघा, मगच शेकडा उचला.

ग्राहक शोधायला ऑनलाइन धावू नका, तिथे तयार केबल ढिगाने आहेत. तुमच्या भागातले फर्निचरवाले आणि फ्लॅटची वायरिंग करणारे इलेक्ट्रिशियन गाठा. त्यांना जागेवर येऊन भिंतीतली टोकं बांधून, तपासून, लेबल लावून देणारा माणूस हवा असतो. हे काम पाकिटातून विकताच येत नाही, म्हणून तिथे दर नगावर नको, टोकावर लावा. एका टोकाचे इतके, अशी छोटी छापील यादी खिशात ठेवा. घासाघीस निम्मी होते.