तार कुठे तुटली?

मागावर आडवा धागा तुटला की माग थांबतो. कसबी कारागीर आधी कांडी बघतो, मग धोटा, मग ताण. दोष सापडला की गाठ मारतो आणि माग पुन्हा खडखडू लागतो. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली खानदेशी माणसे आहेत. त्यांतल्या अनेकांनी ही नजर बारा-बारा तासांच्या पाळ्यांत कमावली आहे. पस्तिशी उलटते, कान आणि कंबर तक्रार करू लागतात, तेव्हा मनात प्रश्न येतो : संगणकाच्या नेटवर्किंगचा कोर्स केला तर जमेल का?

माझे उत्तर आहे, जमेल. कारण या कामाचा गाभा हाच आहे : बिघाड नेमका कुठे, हे क्रमाने शोधणे.

रिंग रोडच्या कापड मार्केटमधल्या एखाद्या गाळ्यात बिलाचे यंत्र अडले, तर नेटवर्कचा माणूस काय करतो? स्विचवरचा दिवा लागला आहे का, केबल नीट बसली आहे का, संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता मिळाला आहे का, ‘पिंग’ची हाक दिल्यावर राउटर उत्तर देतो का, आणि शेवटी बाहेरचे इंटरनेट लागते का, हे तो एकेक पायरी चढत तपासतो. अभ्यासक्रमात शिकवतात तो ओएसआयचा सात थरांचा आराखडा याच कामी येतो. बिघाड कोणत्या मजल्यावर आहे, ते त्यावरून ठरवायचे.

केबल सोलली की आत आठ तारा, चार जोड्या दिसतात. प्रत्येक जोडीला पीळ असतो. सुताला पीळ मजबुतीसाठी देतात. इथे कारण वेगळे आहे. जोडीतल्या दोन तारांतून एकच संकेत एकमेकांच्या उलट जातो. पिळामुळे शेजारच्या मोटरचा विद्युत गोंधळ दोन्ही तारांवर जवळपास सारखाच आदळतो, आणि पलीकडे दोहोंतला फरक मोजला की तो गळून पडतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ही युक्ती १८८१ मध्ये पेटंट केली होती. पिळाचे हे काम टिकावे म्हणून केबलच्या टोकाला जोडणी बसवताना तो गरजेपुरताच उसवायचा. शिवाय तांब्याच्या एका केबलची धाव १०० मीटरच्या पुढे न्यायची नाही.

बहुतेकांची गाडी अडते ती पत्त्यांच्या हिशेबात. समजा, एका व्यापाऱ्याकडे १९२.१६८.१.० पासून २५६ पत्ते आहेत. दुकान, गोदाम, कॅमेरे आणि पाहुण्यांचे वायफाय असे चार वेगळे भाग पाडायचे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला ६४ पत्ते येतात. त्यातला पहिला त्या भागाची ओळख म्हणून राखीव, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी. यंत्रांना उरतात ६२. मीटरवर मजुरी मोजणाऱ्या माणसाला हे गणित अवघड नाही. कागद-पेन्सिल घेऊन रोज दहा उदाहरणे केली की हात बसतो.

या क्षेत्रातले सर्वांत ओळखीचे पहिले प्रमाणपत्र म्हणजे सिस्को कंपनीचे सीसीएनए. ते १९९८ पासून आहे. त्यासाठी पदवीची अट नाही. परीक्षा दोन तासांची, शुल्क ३०० डॉलर आणि वर कर. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, मग त्याचे नूतनीकरण करावे लागते. एवढे पैसे घालण्याआधी सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे पायाभूत धडे घ्यावेत. ‘पॅकेट ट्रेसर’ हे त्यांचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात पडद्यावरच राउटर-स्विच जोडता येतात, मोडता येतात, पुन्हा उभे करता येतात.

क्लास लावायचाच, तर तीन गोष्टी विचाराव्यात. हाताळायला खरे राउटर आणि स्विच आहेत का? शिकवणाऱ्याने स्वतः ही परीक्षा दिली आहे का? फीमध्ये परीक्षेचे शुल्क धरले आहे का, की हाती फक्त क्लासचाच कागद पडणार? ‘शंभर टक्के नोकरी’ हे शब्द ऐकले की उठून यावे. फुटलेल्या प्रश्नांच्या फायली पाठ करून मिळवलेला कागद मुलाखतीत पहिल्याच बिघाडापाशी उघडा पडतो.

पहिले काम बहुधा केबल ओढण्याचे, कॅमेरे बसवण्याचे किंवा रात्री नेटवर्कवर नजर ठेवण्याचे असते. सुरुवातीचा पगार मागावरच्या कमाईपेक्षा कमीही असू शकतो. म्हणून हात तयार होईपर्यंत माग सोडू नये.

दहावी राहिली असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, ती मराठी माध्यमातही देता येते. खरा डोंगर आहे तो इंग्रजीचा, कारण सीसीएनएची परीक्षा इंग्रजीत असते. पण परीक्षा इंग्रजीत आहे म्हणून समजही इंग्रजीतच यावी, असे कुठे आहे? पीळ का असतो हे मराठीत कळले, अहिराणीत कळले, तरी ते कळलेलेच असते. शब्द मागाहून शिकता येतात.

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा चालवली. दिवसभर राबणाऱ्याची वेळ पाहून शाळेने आपली वेळ ठरवली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालवते. त्यातल्या एखाद्या शाळेत दोन तास, दहा जुने संगणक आणि चार स्विच घेऊन मराठीतून नेटवर्किंगचा वर्ग सुरू व्हावा. तोच धडा सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा घ्यावा. म्हणजे दिवसपाळीची रातपाळी झाली, तरी कारागिराच्या शिकण्याची तार तुटणार नाही.